वडीगोद्रीचा एक कागद व संख्यावाचक शब्दांची घडण

जुन्या कागदांचें वाचन करणारास दुसऱ्याची चूक दाखविण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. स्वतःची चूक छापून प्रसिद्ध करण्याचा प्रसंग क्वचित् येतो. तो आमच्यावर आला आहे. चूक एका शब्दाची. पण तिच्यामुळें दोन घरांत कांहीं वर्षें अबोला राहिला. म्हणून ती येथें प्रथम सांगतों, व मग तिच्या अनुषंगानें संख्यावाचक शब्दांविषयीं जें सुचलें तें संग्राहकांच्या विचारार्थ पुढें ठेवितों.

वडीगोद्री हें गांव जालना जिल्ह्यांत, अंबड तालुक्यांत, छत्रपती संभाजीनगराहून शहागडावरून बीडकडे जाणाऱ्या सडकेवर आहे. इ. स. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. आणि १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे. त्यामुळें इकडील जुन्या घरांतून मोडी कागद, फसली सनाच्या पावत्या व उर्दू लिपींतील दाखले एकाच रुमालांत बांधलेले आढळतात. अशाच एका घरीं कांहीं वर्षांपूर्वीं आम्हांस वाटणीचा एक मोडी बंद वाचण्यास दिला. अंकांची जागा कसरीनें खाल्ली होती. अक्षरांतील मजकूर तेवढा शिल्लक होता. तेथें बिघे या शब्दामागें दोन अक्षरें होतीं. पहिल्या अक्षरावरील खूण शाई उडाल्यामुळें दिसत नव्हती. आम्हीं तो शब्द ‘आट’ असा वाचला. आठ हा शब्द बोलण्यांत ‘आट’ असा होतोच; लिहिणारानें कानास ऐकूं आलें तसें लिहिलें असेल, असा तर्क केला, आणि बालबोध नकलेंत ‘आठ बिघे’ असें स्वच्छ अक्षरांत लिहून दिलें.

त्या मंडळींच्या वहिवाटीस तें शेत साडेतीन बिघ्यांच्या सुमाराचें होतें. मग उरलेले साडेचार बिघे गेले कोठें? या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं भाऊबंदांच्या दारीं शोधलें. प्रकरण कोर्टांत गेलें नाहीं, पण लग्नकार्याचें बोलावणें बंद झालें. गेल्या वर्षीं दुसऱ्या घरच्या रुमालांत त्याच वाटणीची जोडनक्कल निघाली. तींत अंकांची जागा शाबूत होती व तेथें ३॥ असा आंकडा होता. आणि अक्षरांत, वरील खुणेसह, ‘औट बिघे’ असें स्पष्ट लिहिलें होतें. औट म्हणजे साडेतीन. आम्ही दोन्ही कागद घेऊन दोन्ही घरीं गेलों व चूक आमची आहे, कोणाच्या पूर्वजाची नाहीं, असें सांगून आलों.

यांत लाजिरवाणी गोष्ट ही कीं, औट हा शब्द आम्हांस ठाऊक नव्हता असें नाहीं. आमच्या लहानपणीं घरांतील वृद्ध मंडळी पावकी, निमकी, दिडकीप्रमाणें औटकीही घडघडा म्हणत. ‘औट हात देह’ हा प्रयोग संतवाङ्मय वाचणाऱ्या कोणासही परिचित आहे. परंतु शब्द ठाऊक असणें वेगळें, आणि वाचतांना तो डोळ्यांपुढें उभा राहणें वेगळें. वाचणारा आपल्या काळच्या मोजण्याच्या रीतीनें वाचतो. लिहिणारानें आपल्या काळच्या रीतीनें लिहिलेलें असतें. संख्यावाचक शब्दांत ही रीतच गोठून राहिलेली असते, हें आमचें प्रस्तुत लेखांतील मुख्य म्हणणें आहे.

प्रथम औट हाच शब्द घेऊं. साडेतीन या शब्दाचा उलगडा सोपा आहे : साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासह तीन. सव्वा म्हणजे सपाद, पावणे म्हणजे पादोन. परंतु साडेएक, साडेदोन असें कोणी म्हणत नाहीं. तेथें दीड व अडीच असे निराळेच शब्द आहेत. त्यांची घडण बेरजेची नाहीं. संस्कृतांत अडीच या संख्येस अर्धतृतीय म्हणतात. अर्थ असा कीं, दोन पुरे झाले असून तिसरा अर्धा आहे. तसेंच अर्धचतुर्थ, म्हणजे ज्यांतील चौथा अर्धा आहे ते साडेतीन. प्राकृतांत याचें अद्धुट्ठ असें रूप झालें, व त्यावरून आमचा औट आला. दीडचा पूर्वज द्व्यर्ध, प्राकृतांत दिवड्ढ. त्यांतही दुसरा अर्धा हाच भाव आहे. ही रीत फार जुनी आहे. अशोकाच्या लघुशिलालेखांत अडीच वर्षें सांगतांना अर्धतृतीय शब्दाचेंच प्राकृत रूप योजिलें आहे. त्या लेखाची एक प्रत इ. स. १९१५ मध्यें मस्की येथें, म्हणजे तेव्हांच्या हैदराबाद राज्यांतच, उजेडांत आली. त्याच राजाच्या तेराव्या शिलालेखांत कलिंगांतून नेलेल्या दीड लक्ष लोकांची संख्या सांगतांना आमच्या दीडचा पूर्वज आला आहे. म्हणजे बाजारांत ‘दीड शेर’ म्हणणारा मनुष्य बावीसशें वर्षांपूर्वींची घडण तोंडानें जतन करीत असे.

ही आपल्याकडचीच लकब आहे असें वाटून कोणी तिला खेडवळ ठरवूं नये. जर्मन भाषेंत दीड या संख्येस आंडर्टहाल्ब म्हणतात. त्याचा अर्थ ‘दुसरा अर्धा’. अडीचसाठीं ड्रिटहाल्ब, म्हणजे ‘तिसरा अर्धा’, हा शब्द त्या भाषेंत पूर्वीं चालत असे. तो आतां, आमच्या औटासारखा, मागें पडला. रशियन भाषेंतील पल्तरा म्हणजेही अर्धा दुसरा, अर्थात् दीड. रोमन लोकांचें सेस्टर्शियस नांवाचें नाणें होतें. त्या नांवाची फोड अर्ध व तृतीय अशीच होते, कारण तें नाणें मूळ अडीच आस किंमतीचें होतें. त्याचें चिन्ह दोन उभ्या रेघा व पुढें अर्धवाचक अक्षर असें असे. येथें एक सावधगिरी सांगण्यासारखी आहे. आमच्या ३॥ मधील दोन रेघा म्हणजे दोन पाव, म्हणून अर्धा. रोमन चिन्हांतील दोन रेघा म्हणजे पुरे दोन. रेघा दिसावयास सारख्या, अर्थ सर्वस्वीं भिन्न.

संस्कृत, जर्मन, रशियन व लॅटिन या एकाच कुळांतील भाषा असल्यानें ही रीत मूळ घरूनच आली असेल, असें अनुमान चटकन निघतें. पण हंगेरियन भाषा त्या कुळांतील नाहीं, आणि तींतही दीडला माशफेल, म्हणजे दुसरा अर्धा, असेंच म्हणतात. शेजारधर्मानें म्हणा, किंवा मनुष्याच्या बुद्धीचा कल सर्वत्र सारखा म्हणून म्हणा, अशी रीत कूळ ओलांडून जाते. तेव्हां केवळ शब्दाच्या घडणीवरून वंशाविषयीं सिद्धान्त मांडूं नयेत.

दुसरी रीत वजाबाकीची. अठरानंतर आपण ‘नवदहा’ म्हणत नाहीं, एकोणीस म्हणतों; एकानें ऊन अशी वीस. वेदकालीं नवदश हाही शब्द होता; परंतु एकोनविंशतीनें त्यास मागें सारलें. एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत मराठीनें हा नियम पाळला आहे. मात्र नव्याण्णवाशीं येऊन तो मोडतो. एकोणशंभर असें कोणी म्हणत नाहीं. तेथें नवनवति हा बेरजेचा शब्द टिकला. हिंदी याहून अगोदरच थांबते; तींत एकोणनव्वदास नवासी म्हणतात. लॅटिन मात्र मराठीच्याही पुढें गेली : एकोणीस म्हणजे ऊन्देविगिन्ति, विसांतून एक, अठरा म्हणजे दुओदेविगिन्ति, विसांतून दोन, आणि नव्याण्णवास ऊन्देकेन्तुम्, शंभरांतून एक, असाही शब्द आहे. संस्कृतज्ञ वाचकांनीं येथें फसूं नये. या लॅटिन शब्दांतील ‘ऊन्’ हा एक या अर्थाचा आहे. आपल्या ‘ऊन’शीं, म्हणजे उणें या शब्दाशीं, त्याचें नातें नाहीं. रीत एक, ध्वनि सारखा, आणि तरीही शब्द निराळा. ध्वनिसाम्यावर भिस्त ठेवणाऱ्या व्युत्पत्तिकारांनीं हें उदाहरण जवळ बाळगावें.

तिसरी रीत विसांची. शंभरापर्यंतचीं नांवें न शिकलेलीं आपल्याकडील माणसें ‘दोन विसा आणि पांच’ असें मोजीत; चार विसा म्हणजे ऐंशी, पांच विसा म्हणजे शंभर. हातापायांचीं बोटें संपलीं कीं एक वीस पुरा होतो. कोडी हा शब्दही विसाचाच वाचक आहे. मेळघाटांतील कोरकू लोकांच्या भाषेंतही विसाच्या पटींनीं मोजतात. शिकलेले लोक या मोजणीस हंसत आले आहेत. परंतु फ्रान्सच्या राजधानींतील पंडितही ऐंशी म्हणावयाचें झाल्यास ‘चार विसा’ असेंच म्हणतो. कात्र-व्हँ या शब्दाचा दुसरा अर्थ नाहीं. नव्वद म्हणजे त्याच्या भाषेंत ‘चार विसा दहा’. तीच फ्रेंच बोलणारे बेल्जमचे व स्वित्झर्लंडचे लोक नव्वदास नोनांत असा सरळ शब्द वापरतात. पॅरिस शहरीं नवव्या लुई राजानें तेराव्या शतकांत तीनशें अंधांसाठीं आश्रम स्थापिला, त्याचें नांव आजही ‘पंधरा विसा’ असेंच आहे. ज्यास ही रीत ठाऊक नाहीं तो त्या नांवावरून पंधराच माणसें समजेल किंवा वीसच समजेल. तीनशें ही संख्या त्याच्या मनांत येणार नाहीं.

डेन्मार्कच्या भाषेंत तर वरील दोन रीतींचा संगम झाला आहे. तेथें पन्नासला हाल्ट्रेस म्हणतात. हा संक्षेप आहे. मूळ लांब शब्दाचा अर्थ ‘अर्धातिसरा वेळां वीस’, म्हणजे अडीच विसा. साठ म्हणजे तीन विसा. सत्तर म्हणजे हाल्फ्येर्स, अर्थात् अर्धाचवथा वेळां वीस. आमच्या शब्दांत सांगावयाचें तर ‘औट विसा’! ऐंशी म्हणजे चार विसा, आणि नव्वद म्हणजे साडेचार विसा. औट हा शब्द आमच्या पोरांस परका झाला. त्याचा चुलतभाऊ उत्तर समुद्राच्या कांठीं दुकानदाराच्या तोंडीं आजही रोज आहे.

चौथी रीत क्रमाची, आणि कागद वाचणारांस तीच सर्वांत अधिक जाचते. एकवीस या शब्दांत एक आधीं व वीस मागून. लिहितांना मात्र २ आधीं व १ मागून. जर्मन भाषेंतही ‘एक आणि वीस’ असाच क्रम आहे, व अरबींतही तसाच. आमच्या शेजारच्या तेलुगू व कानडी भाषांत मात्र दशक आधीं व एकं नंतर. मराठी दप्तरांतील सुहूर सन अरबी संख्यावाचकांनीं लिहीत, हें वाचकांस विदितच आहे. सूर्याच्या मृगप्रवेशापासून सुरू होणाऱ्या या सनांत ५९९ मिळविले असतां इसवी सन येतो. जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. आतां ‘सन इहिदे समानीन मया व अलफ’ हा सन पाहूं : एक, ऐंशी, शंभर व हजार, म्हणजे ११८१, इसवी १७८०-८१. याच वर्षाचा शक १७०२. एखाद्या शास्त्र्यानें हा शक पोथीच्या शेवटीं भूतसंख्येनें लिहिला असता तर नेत्र, ख, मुनि, भू असा लिहिला असता : दोन, शून्य, सात, एक. दप्तरांतील कारकून अरबी शब्द लिहितो व पोथींतील शास्त्री संस्कृत शब्द लिहितो. पण दोघेही एकं स्थानापासून आरंभ करून डावीकडे जातात. निजामी अमलांतील दक्षिणी फसली सन याहून नवानें पुढें, म्हणजे ११९०.

सुहूर सनांत कानाचाही एक सांपळा आहे. तिसा म्हणजे नऊ व तिसैन म्हणजे नव्वद. पण मराठी कानास दोन्हींत तीस ऐकूं येतात. तीस या संख्येस खरा शब्द सलासीन हा आहे. तसेंच अशर म्हणजे दहा व अशरीन म्हणजे वीस. सबा म्हणजे सात व सबैन म्हणजे सत्तर. समान म्हणजे आठ व समानीन म्हणजे ऐंशी. शेवटचें एक अक्षर कसरीनें खाल्लें, किंवा लिहिणारानें आंखडलें, कीं ‘सबा अशरीन’चें ‘सबा अशर’ होतें व कागद दहा वर्षें मागें जातो. दहा वर्षांत वतनदार मरतो, मामलेदार बदलतो व निवाडा फिरतो. आमच्या औटानें साडेचार बिघे हरवले. अशा एका अक्षरानें एका माणसाचा हक्क हरवूं शकतो.

मोजण्याची हीच जिन्नसवार पद्धति खेड्यांतील व्यवहारांतही आहे. कडब्याच्या पेंढ्या पांचुंद्यानें मोजतात. जुन्या वहींत ‘वीस पांचुंदे’ असें आढळल्यास त्या वीस पेंढ्या नव्हेत, शंभर होत. ज्यानें कडबा पाहिलेला नाहीं त्यास हें कोशांतून सांगावें लागेल.

आतां वर्तमानकाळाकडे वळूं. इ. स. २०१९ च्या जून महिन्यांत बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रांत मोठा वाद झाला. त्या पुस्तकांत एकवीस, बावीस यांच्या जोडीस ‘वीस एक, वीस दोन’ असें वाचन दिलें होतें. जोडाक्षरांचीं नांवें लहान मुलांस जड जातात, व बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटसुलट होतो, असें नव्या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें होतें. जुनीं नांवें त्यांनीं काढून टाकलीं नव्हतीं. विरोधकांनीं भाषा बुडाल्याची ओरड केली. आम्हीं जन्मभर वर्गांत उभें राहून त्र्याहत्तर व त्र्याण्णव घोकून घेतले आहेत. त्या शब्दांवर अडखळणारीं मुलें मंदबुद्धि नव्हतीं, हें आम्ही निःसंशय सांगूं शकतों. अडचण खरी आहे. परंतु तिच्यामुळें एकवीस हा शब्द चुकीचा ठरत नाहीं.

अशी गोष्ट जगांत प्रथमच घडली असेंही नाहीं. नॉर्वे देशांत पूर्वीं ‘एक आणि वीस’ असें म्हणत. दूरध्वनीचे क्रमांक सांगतांना घोटाळे होत म्हणून तेथील विधिमंडळानें ठराव केला, आणि १ जुलै १९५१ पासून ‘वीस एक’ ही पद्धति शाळांत व सरकारी व्यवहारांत अधिकृत झाली. त्यास आतां सत्तर वर्षें उलटून गेलीं. तरीही तेथें पुष्कळ लोक घरांत जुन्याच रीतीनें बोलतात. यावरून दोन गोष्टी दिसतात. मोजण्याची रीत ठरावानें बदलतां येते. आणि ठरावानें बदललेली रीत जुन्या रीतीस एका पिढींत पुसून टाकीत नाहीं. पण तिसरीही एक गोष्ट आहे, ती संग्राहकांनीं ध्यानांत धरावी. बोलणारे आपली रीत बदलतात. लिहून ठेवलेला कागद बदलत नाहीं. औट मागें पडण्यास कोणाचा ठराव लागला नाहीं; औटकी म्हणणारे गेले आणि शब्द त्यांच्याबरोबर गेला. कागदांत मात्र तो तसाच बसून राहिला, व आमच्यासारख्या अर्धवट सावध वाचकाची वाट पाहत राहिला.

म्हणून आमची कागद जमविणाऱ्या व नकला करणाऱ्या सर्वांस विनंति अशी. नक्कल करतांना संख्येचा शब्द जसा असेल तसा, अक्षरशः उतरावा. त्याच्या जागीं आंकडा घालून टाकण्याची घाई करूं नये. अंक व अक्षर दोन्हीं असल्यास दोन्हीं उतरावीं, कारण तीं एकमेकांचीं साक्षीदार आहेत. अंक नष्ट झाला असेल तर, एकच अर्थ डोळ्यांपुढें आला म्हणून तोच खरा न मानतां, दीड, अडीच, औट, विसा, कोडी यांपैकीं कोणता शब्द तेथें बसतो तें पाहावें. आणि शंका राहिल्यास नकलेंत ती शंका लिहून ठेवावी. आम्हीं ‘आट (?)’ असें एक प्रश्नचिन्ह घातलें असतें तर दोन घरांतील बोलणें बंद पडलें नसतें. तसेंच ज्यांच्या गांवीं औटकी म्हणणारें किंवा विसांनीं मोजणारें एखादें वृद्ध माणूस अद्यापि असेल, त्यांनीं तें ऐकून लिहून काढावें. कागद कसरीपासून वांचविला, पण वाचण्याची किल्ली हरवली, तर त्या जतनेचा उपयोग काय?

वडीगोद्रीच्या त्या दोन्ही घरीं आतां एकाच मजकुराची दुरुस्त बालबोध नक्कल आहे. तींत आम्हीं ‘औट (३॥) बिघे’ असें लिहिलें आहे, आणि खालीं, पूर्वींची नक्कल आमच्या हातची असून ती चुकीची समजावी, असें लिहून सही केली आहे. इत्यलम्.